जंतूंच्या अंगावरची लव

श्रोतेहो, मी इतिहासाचा मास्तर. सनावळ्या, तह आणि लढाया यांत माझा जन्म गेला. तेव्हा आज मी जंतूंविषयी बोलायला उभा राहिलो याचे आपल्याला नवल वाटेल. पण या विषयाकडे मला वळवले ते कोणा शास्त्रज्ञाने नव्हे, तर माझ्या थोरल्या बहिणीने.

ताईला उन्हाळी लागण्याचा त्रास आहे. वर्षातून तीन-चार वेळा. डॉक्टर गोळ्या देतात, आठ-दहा दिवसांत बरे वाटते, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. धने-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, तांब्यावर तांब्या पाणी झाले. एकदा ती वैतागून मला म्हणाली, “अरे, तू एवढा शिकलास, मला एक सांग. मी दिवसभर पाणी पिते. एवढे पाणी आतून वाहून जाते. मग हे मेले जंतू त्याच्याबरोबर वाहून का जात नाहीत?”

मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मोठा नेमका होता. ओढ्याला पूर आला की पालापाचोळा वाहून जातो, धोंड्याला चिकटलेले शेवाळ मात्र जात नाही. म्हणजे जंतू चिकटत असले पाहिजेत. पण कशाने? आमच्या महाविद्यालयातल्या विज्ञानशाखेच्या मित्रांना विचारले, त्यांनी पुस्तके दिली, आणि ती वाचता वाचता माझ्या लक्षात आले की ही तर शुद्ध इतिहासाची गोष्ट आहे. माणसांच्या डोळ्यांसमोर असलेली एक वस्तू त्यांना कळायला किती वर्षे लागली, त्याचा हा इतिहास.

या गोष्टीतला मुख्य जंतू आपल्या सर्वांच्या आतड्यात राहतो. थिओडोर एशेरिख नावाच्या जर्मन बालरोगतज्ज्ञाने म्युनिच येथे तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो शोधला आणि १८८५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याच्याच नावावरून या जंतूला एशेरिखिया कोलाय म्हणू लागले. आपण त्याला नुसते कोलाय म्हणू. आतड्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण त्याचे काही वाण मूत्रमार्गात शिरले की ताईला होतो तो त्रास सुरू होतो.

एशेरिखला सूक्ष्मदर्शकातून काय दिसले? एक आखूड काडी. लांबी मिलिमीटरचा सुमारे पाचशेवा भाग. याहून अधिक दिसणे शक्यच नव्हते. उजेडाच्या साह्याने पाहणाऱ्या यंत्राला मिलिमीटरच्या सुमारे पाचहजाराव्या भागाहून बारीक वस्तू स्पष्ट दाखवता येत नाही. भिंग कितीही उत्तम असो, तो उजेडाचाच दोष आहे.

पण जे डोळ्यांना दिसत नव्हते, त्याची खूण १९०८ सालीच मिळाली होती. गुयो नावाच्या संशोधकाने कोलाय जंतू आणि तांबड्या रक्तपेशी एकत्र केल्या, तेव्हा रक्तपेशींचे पुंजके झाले. दह्यात पाणी सुटून गाठी पडाव्यात तसे. सुट्या तरंगणाऱ्या पेशी एकमेकींना चिकटल्या, कारण त्यांच्या मधे जंतू दोन्ही बाजूंनी धरून बसले होते. साधा प्रयोग. काचपट्टीवर दोन थेंब मिसळायचे आणि हलवायचे. पण जंतूंनी पेशीला धरले ते कोणत्या हाताने, हे सांगायला त्या वेळी साधन नव्हते. नोंद झाली आणि पुढची चाळीस वर्षे ती जवळजवळ नोंदच राहिली. इतिहासात असे पुष्कळदा होते. कागद दप्तरात असतो, तो वाचणारा अजून जन्मायचा असतो.

साधन आले ते बर्लिनमध्ये. १९३१ साली अर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल या दोघांनी उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहणारे पहिले सूक्ष्मदर्शक यंत्र तयार केले. या कामाबद्दल रुस्काला नोबेल पारितोषिक मिळाले, पण केव्हा? १९८६ साली. पंचावन्न वर्षांनी! मधल्या काळात त्या यंत्राने जगाला कितीतरी नव्या गोष्टी दाखवून झाल्या होत्या.

महायुद्ध संपले, ही यंत्रे निरनिराळ्या प्रयोगशाळांत पोहोचली, आणि जंतूंची चित्रे निघू लागली. जंतूंना पोहण्यासाठी लांब, नागमोडी शेपट्या असतात हे आधीपासून ठाऊक होते. संशोधक त्या शेपट्यांचा अभ्यास करत होते. १९५० साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथे हौविंक आणि व्हान इटरसन यांना शेपट्यांखेरीज आणखी काहीतरी दिसले. अगदी बारीक, आखूड, ताठ तंतू. जंतूच्या सगळ्या अंगावर. हे तंतू जंतूला कशाला तरी धरून राहायला उपयोगी पडत असावेत, असा अंदाजही त्यांनी लिहून ठेवला. पण तो शेपटीच्या अभ्यासातला, जाता जाता केलेला अंदाज होता.

तो पुराव्याने सिद्ध करण्याचे काम एडिंबरो विद्यापीठात झाले. जे. पी. डुगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलायचे पुष्कळ वाण गोळा केले. प्रत्येक वाण इलेक्ट्रॉनच्या यंत्राखाली पाहिला, आणि प्रत्येकाची रक्तपेशींशी गाठ घालून पाहिली. म्हणजे १९०८ सालची ती जुनी काचपट्टी आणि नवे यंत्र यांची त्यांनी सांगड घातली. १९५५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अंगावर तंतू, ते वाण रक्तपेशींचे पुंजके करतात. तंतू नसले तर सहसा करत नाहीत. हात सापडला तो असा.

डुगिड यांनी त्या तंतूंना नाव दिले फिंब्रिआ. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ काठाची झालर. आपल्याकडे उपरण्याच्या टोकाला दशा असतात ना, तशा. पुढे १९५९ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील चार्ल्स ब्रिंटन यांनी दुसरे नाव सुचवले, पिलस, अनेकवचनी पिलाय. अर्थ, केस. झालर की केस, यावर दोन्ही बाजूंच्या पंडितांनी पुढे बराच वाद घातला, आणि तो मिटला नाही तो नाहीच. आजही दोन्ही नावे चालतात. मी आपला मराठी माणूस, मी त्याला लव म्हणतो.

ही लव किती बारीक? तिची जाडी मिलिमीटरच्या एक लाख चाळीस हजाराव्या भागाच्या आसपास. एकेका जंतूच्या अंगावर असे शेकडो केस असू शकतात.

त्याच १९५५ साली आणखी एक गोष्ट कळली. कॉलिअर आणि द मिरांडा यांना दिसले की मिश्रणात मॅनोज नावाची साखर घातली तर कोलाय जंतू रक्तपेशींना धरूच शकत नाहीत. ही द्राक्षशर्करेची बहीण म्हणावी अशी साधी साखर. यावरून उलगडा झाला. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या साखरांच्या साखळ्या असतात, त्यांत मॅनोज असते. जंतूची लव तीच पकडते. बाहेरून मोकळी मॅनोज ओतली की जंतूची मूठ आधीच भरते, मग पेशीला धरणार कशाने?

आता आपण म्हणाल, हे सगळे काचपट्टीवर ठीक. पण रोगाशी याचा काय संबंध? हा प्रश्न त्या वेळच्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. पहिले चांगले उत्तर मिळाले ते, सांगितले तर हसाल, डुकरांच्या गोठ्यात. डुकरांची पिल्ले जन्मल्यावर थोड्याच दिवसांत जुलाबांनी पटापट मरत, आणि त्याला कोलायचा एक वाण कारण होता. त्या वाणाच्या अंगावर एक विशिष्ट लव असे, तिला के-८८ म्हणत. १९७१ आणि १९७२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ती लव काढून टाकलेले जंतू पिल्लांना पाजून पाहिले. त्या जंतूंना आतड्याच्या भिंतीला धरता आले नाही, आणि त्यांच्यामुळे होणारा रोगही गेला किंवा अगदी सौम्य झाला. तेव्हा जंतूपाशी विष असून भागत नाही, आधी पाय रोवायला जागा लागते. पुढे त्याच लवेची लस गाभण डुकरिणींना टोचू लागले. आईच्या चिकातून पिल्लांना संरक्षण मिळू लागले. पशुपालनात अशा लसी चांगल्याच रुळल्या.

माणसांविषयीचा पुरावा स्वीडनमधून आला. योटेबोर्ग येथील काटारिना स्वानबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवले की ज्या मुलींना मूत्रपिंडाचा तीव्र दाह झाला होता, त्यांच्यातले कोलाय जंतू मूत्रमार्गाच्या पेशींना पुष्कळ चिकटतात. काही मुलींच्या लघवीत जंतू असूनही त्रास काहीच नव्हता. त्यांच्यातले जंतू फारसे चिकटत नव्हते. पुढे १९८० साली कळले की मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या अनेक वाणांची लव वेगळीच असते, आणि ती मॅनोजऐवजी दुसरीच साखर धरते. ती साखर आपल्या पी नावाच्या रक्तगटाची खूण असते. मूत्राशयासाठी एक लव, मूत्रपिंडासाठी दुसरी. ज्या कुलपाला जी किल्ली.

इथवर लव म्हणजे काय आणि ती काय करते हे कळले. पण ती जंतू तयार कशी करतो? आणि इथेच मला खरी गंमत वाटली.

अडचण अशी आहे पाहा. कोलाय जंतू म्हणजे दोन तटांचा वाडा समजा. आत राहते घर, भोवती एक तट, मग अरुंद बोळ, आणि बाहेर दुसरा तट. प्रथिने तयार होतात ती आतल्या घरात. केस मात्र उभारायचा बाहेरच्या तटावर. एकेक केस म्हणजे एकामागून एक ओवलेले प्रथिनांचे मणी, हजार आणि त्याहूनही अधिक. हे मणी एकमेकांत अडकण्यासाठीच घडवलेले असतात. त्यांना बोळात मोकळे सोडले तर तिथेच त्यांचा गुंता होणार. शिवाय पेशीचे सगळे काम ज्या शक्तीवर चालते, ती एटीपी नावाच्या द्रव्यात साठवलेली असते, आणि ते द्रव्य त्या बोळात नसते. सामान चिकट, रस्ता अरुंद, आणि बांधकामाच्या जागी इंधन नाही. मग केस उभा राहतो कसा?

स्वीडनमधल्या उमिओ येथे स्टाफान नॉर्मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही लव बांधणारी जनुके एकेक करून तपासली. पहिला धक्का बसला तो असा की केस स्वतः चिकट नसतोच! १९८७ साली त्यांनी दाखवले की साखर धरणारे प्रथिन फक्त शेंड्याला असते. बाकीचा सगळा केस म्हणजे नुसता दांडा. आकडीच्या काठीला टोकालाच आकडी असावी तसे.

दुसरी गोष्ट, त्या बोळात मण्यांना सांभाळायला एक वेगळे प्रथिन असते. इंग्रजीत अशा प्रथिनांना शॅपरोन म्हणतात. तरुण मुलीबरोबर समारंभाला जी वडीलधारी बाई जाई, तिला हे नाव होते. आपल्याकडे तर याहून चांगला शब्द आहे, पाठराखीण. नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर जाते ती. ही पाठराखीण प्रत्येक मण्याला आतल्या तटापाशी गाठते, त्याला धरून बोळातून नेते, आणि बाहेरच्या तटातल्या दाराशी पोहोचवते. त्या दारावर तिसरे प्रथिन आहे. पिंपासारखी पोकळ नळी. तो द्वारपाल. तो मणी आत घेतो, आधीच्या मण्याला जोडतो, आणि बाहेर सरकवतो.

आकडीचा मणी सर्वांत आधी बाहेर जातो, मग दांड्याचे मणी. नवा मणी नेहमी मुळाशी जोडला जातो. आपला केसही मुळातूनच वाढतो, नाही का?

पण इंधनाचे काय? १९९४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की मणी बोळात आल्यानंतर पुढच्या जुळणीला पेशीची शक्ती लागतच नाही. हल्टग्रेन हे पूर्वी नॉर्मार्क यांच्याकडेच उमेदवारी करून आलेले. मग शक्ती येते कुठून? त्याचे उत्तर १९९९ साली मिळाले. क्ष-किरणांनी या प्रथिनांची रचना टिपणारे दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक हल्टग्रेन आणि गेब्रिएल वाक्समन यांच्या मंडळींचा, दुसरा स्वीडनमधल्या श्टेफान क्नाइट यांच्या गटाचा.

काय आढळले? प्रत्येक मणी जन्मतःच अपुरा असतो. त्याच्या घडणीत सात पेड हवेत, त्याच्याजवळ असतात सहा. सातव्याच्या जागी लांब खाच उघडी. पाठराखीण आपल्या अंगाचा एक पेड त्या खाचेत घालून मण्याला तात्पुरता सावरते. पण ती त्याला पुरता मिटू देत नाही, जरा ताणलेला, उघडा ठेवते. शिवाय प्रत्येक मण्याला एक मोकळे शेपूट असते. द्वारपालापाशी नवा मणी आला की त्याचे शेपूट आधीच्या मण्याच्या खाचेत शिरते, पाठराखिणीचा पेड हळूहळू बाहेर ढकलते, आणि स्वतः तिथे बसते. हा पेड अगदी नेमका बसतो. ताणलेला मणी घट्ट मिटतो. त्या मिटण्यातून जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर सगळे बांधकाम चालते. पाठराखीण मोकळी होऊन पुढच्या मण्यासाठी माघारी जाते. २०११ साली तर द्वारपालाच्या नळीतून बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या आकडीचेच चित्र वाक्समन यांच्या गटाने मिळवले.

श्रोतेहो, या रचनेचा मी पुष्कळ विचार केला. एकही मणी स्वतःच्या बळावर पुरा नाही. प्रत्येकाची उणीव मागून येणारा भरून काढतो, आणि म्हणूनच साखळी तुटत नाही. मला यातून कोणाला उपदेश करायचा नाही. जंतूच तो, त्याच्याकडून काय शिकायचे! पण कारागिरी मात्र मानावी लागते.

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. पाण्याने जंतू वाहून का जात नाहीत?

पहिले कारण, केसाचा दांडा सरळ नसतो. तो स्प्रिंगसारखा वेटोळलेला असतो. लघवीचा लोंढा आला की वेटोळी उलगडतात, केस कितीतरी पट लांब होतो, हिसका पचवतो, आणि लोंढा ओसरला की पुन्हा गुंडाळतो. दुसरे कारण याहून विलक्षण आहे. २००२ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी दाखवले की प्रवाहाचा जोर वाढला की आकडीची पकड सुटत नाही, उलट घट्ट होते. आडातून घागर शेंदताना तिच्या गळ्याला आपण फास टाकतो. वजन आले की फास आवळतो, घागर खाली टेकली की सैल पडतो. अगदी तसेच. प्रवाह नसेल तेव्हा जंतू सैल पकडीने इकडे तिकडे सरकू शकतो, आणि प्रवाह आला की जागच्या जागी घट्ट धरतो.

याचा अर्थ पाणी पिणे व्यर्थ, असा कोणी घेऊ नये. सुटे तरंगणारे जंतू त्याने वाहून जातात, आणि डॉक्टर पाणी प्यायला सांगतात ते योग्यच आहे. पण रोवून बसलेला जंतू नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

मग मॅनोज साखरच खाल्ली तर? ही कल्पना अनेकांना सुचली. १९७९ साली उंदरांवरच्या प्रयोगात मॅनोजच्या एका संयुगाने जंतूंना मूत्राशयात बस्तान बसवू दिले नाही. मॅनोजच्या पुड्या बाजारातही आल्या. परंतु २०२४ साली ब्रिटनमधली एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. वारंवार त्रास होणाऱ्या ५९८ स्त्रियांपैकी काहींना सहा महिने रोज मॅनोज आणि बाकीच्यांना दुसरी साधी साखर दिली. दोन्ही गटांत त्रासाचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. काचपट्टीवर जे घडते ते माणसाच्या देहात घडेलच असे नाही. मीही ताईसाठी तसली पुडी आणण्याच्या विचारात होतो. तो विचार सोडला.

पण वाट बंद झालेली नाही. आकडीच्या खाचेत साध्या साखरेपेक्षा कितीतरी घट्ट बसणारी संयुगे रसायनशास्त्रज्ञांनी घडवली आहेत. पाठराखिणीचे काम अडवून लव उगवूच न देणाऱ्या द्रव्यांवरही संशोधन झाले आहे. यामागचा विचार महत्त्वाचा आहे. आजवरची औषधे जंतूला मारतात. मारायला गेले की एखादा चिवट वाचतो, त्याचा वंश वाढतो, आणि औषध बोथट होते. ही अडचण आज जगभर डॉक्टरांना भेडसावते आहे. जंतूला न मारता नुसता त्याचा हात सोडवला, तर तो आपल्या वाटेने वाहून जाईल आणि चिवट वाण निपजण्याची सक्ती कमी होईल, अशी आशा आहे. ती किती फळाला येते ते पुढचा काळ ठरवील.

हे सगळे मी ताईला जाऊन सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे माझे काही चुकत नव्हते तर.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे ती हा त्रास आपल्याच कुठल्यातरी हयगयीचा दोष समजत आली होती. पाणी कमी प्यायले असेल, पथ्य मोडले असेल, असे तिला वाटे. आपल्या घरोघरी अशा किती बायका असतील, ज्या हे दुखणे बोलूनही दाखवत नाहीत! त्यांच्यापर्यंत एवढे पोहोचले तरी पुष्कळ झाले. दुखणे अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे जा, सांगितलेले औषध पुरे घ्या, आणि स्वतःला बोल लावू नका. ज्याच्याशी तुमची गाठ आहे तो कारागीर मोठा जुना आणि हुशार आहे. त्याची लव दिसायलाच माणसाला इलेक्ट्रॉनचे डोळे लागले, आणि तिची वीण उलगडायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे.